परदेशी मैंद

आमच्या पंचक्रोशीत एक मैंद असा होता, की ज्याचं मूळ इटलीत होतं. मैंद म्हणजे नांगरटीनंतर ढेकळं फोडून रान सपाट करायची फळी. पुढे बैल ओढतात आणि फळीवर वजनाला माणूस उभा राहतो. सगळ्यांचे मैंद सरळसोट असतात, आमच्या सुताराने केलेल्या या मैंदाचं टोक मात्र वर वळलेलं होतं. तो नमुना त्याने शेजारच्या संस्थानच्या अजबखान्यातून दोरीने माप घेऊन आणला होता. आणि खोटं कशाला बोलू, तो मैंद आमच्या मैंदापेक्षा हलका चालायचा.

अजबखान्याचं खरं नाव संग्रहालय, पण ते फक्त पाटीवर. तिथली व्यवस्था एक जुने शाळामास्तर बघत, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. राजेसाहेबांच्या विलायतवारीतून आलेल्या एका पेटीत त्यांना दोन लांबलचक फळ्या सापडल्या. टोकं वळलेली, मधे चामड्याच्या वाद्या आणि लोखंडाची पट्टी. सोबत कागद नाही की चिठी नाही. गुरुजींनी तीन दिवस विचार केला आणि पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'मैंद. परदेशी. टोक ढेकळात रुतू नये म्हणून वळविलेले. वाद्या पाय घसरू नये म्हणून.' उसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्या पुठ्ठ्यासमोर उभे राहून आमचे हे हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इटलीतल्या लढाईवरून परत आल्याला तेव्हा आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी त्यांचं हसू पाहिलं नव्हतं. मी बाजाराच्या दिवशी त्यांना ओढूनच तिथे नेलं होतं. घरात बसून ते उंबऱ्याबाहेर बघत राहायचे आणि मला ते सहन होत नव्हतं.

या हसण्याची किंमत कळायची तर आधीचं सांगायला हवं.

मी सांगलीची. वडील शाळेत शिपाई होते, त्यांच्या ओळखीवर मी मराठी सातवीपर्यंत शिकले आणि मग लग्न होऊन रहिमतपूरच्या बाजूला एका ऊसवाल्या घरात आले. या घरात दर पिढीचा एक मुलगा पलटणीत जायचा. सासरे पहिल्या लढाईला जाऊन आलेले, पण ते मी यायच्या आधीच गेले. माझ्या लग्नानंतर सहा महिन्यांत हे निघाले. त्यांना पोचवून परत येताना सासूबाई मला घेऊन डोंगरावरच्या देवीला गेल्या. पायरीवर कपाळ टेकून मोठ्यांदा म्हणाल्या, "आई, माझं पोरगं आखंड परत येऊ दे. नखाला धक्का न लागता येऊ दे. मी मरेपातूर पायात व्हाना घालनार न्हाई." मी शेजारी उभी होते. ऐकणारी मी एकटीच होते.

मग पत्रं सुरू झाली. गावात सातवी शिकलेली सून एकच, त्यामुळे चार आळ्यांची पत्रं मीच वाचायची, मीच लिहायची. आमचं पत्र सासूबाई चुलीपुढे बसून ऐकायच्या, हातातलं काम न थांबवता. एका हिवाळ्यात इस्पितळातून पत्र आलं. अक्षर ह्यांचं नव्हतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मी वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला अडले. 'बर्फात रात्रंदिवस उभे राहून डाव्या पायाची बोटं काळी पडली. त्यातली तीन काढली. हे आईला वाचून दाखवू नकोस, तुला माझी शपथ.' मी ती ओळ गिळली आणि पुढे वाचलं, "तब्येत उत्तम आहे. इथे थंडी फार."

सासूबाईंनी भाकरी उलटली. म्हणाल्या, "बरं झालं."

त्या दिवसापासून मला चैन नाही. माझा स्वभाव मुळात तोंडाळ. पोटात काही ठेवायची सवय नाही, आणि ठेवावं लागलं ते एवढं मोठं. लढाई संपली, हे आले, त्या दिवशी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायावर पाणी ओतलं. ह्यांनी बूट काढले नाहीत. पाणी बुटांवरून ओघळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई डोंगर चढून गेल्या, आपल्या वहाणा देवीच्या पायरीवर ठेवल्या आणि अनवाणी उतरल्या. देवीने पोरगं आखंड दिलं, असं गावभर झालं.

तिथून पुढे आमच्या घरात कुणी नीट बसलं नाही. ऊस तोडून झालेल्या रानात सुऱ्यासारखी खोडं उभी असतात. त्यातून त्या बाई अनवाणी हिंडायच्या. टाचांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. मी संध्याकाळी आमसुलाचं तेल कोमट करून त्यांच्या टाचांत भरायची आणि हे ओसरीवर बुटांसकट बसून बघायचे. बघायचे, उठायचे, अंगणात फेऱ्या मारायचे, परत बसायचे. ज्या नवसासाठी आईचे पाय फुटताहेत त्या नवसाला देवी पावलेलीच नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. आम्ही दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

गाव तर गावच. "साहेब झालाय गड्या, चिखलात बूट घालतोय!" देवघरातही हे जात नसत, कारण बूट काढावे लागले असते. कुणी म्हणालं, तिकडं बाटला असणार. मी भांडायला उठले, तेव्हा सासूबाईंनीच मला गप्प केलं. "असू दे. भायेरनं हात जोडतोय की." मला त्यांचा रागच आला. मुलाच्या बाबतीत बाईला काही दिसतच नाही, असं मी मनात म्हणाले.

उसाला पाणी द्यायला, दारं धरायला, मात्र बूट घालून जमत नाही. पाटात उभं राहून एका सरीचं पाणी दुसरीकडे वळवायचं. बूट रुतून बसतो. म्हणून हे दिवस उगवायच्या आधी जायचे, बूट बांधावर ठेवायचे आणि लोक रानात यायच्या आत परत बूट चढवून यायचे. असं किती दिवस चालणार? संक्रांतीच्या आधी त्यांनी मला सांगून टाकलं. पलटणीतल्या एका दोस्ताने पुण्याला, लष्कराच्या गोदामावर पहारेकऱ्याची जागा बघितली होती. "तितं दिवसभर बूट घालायचीच नोकरी हाय," ते म्हणाले. "करीचा दिवस गेला की निघतो."

"आणि मी?"

"तू आईजवळ. तिच्या टाचंला तेल कोण लावनार?"

मी त्या दिवशी भांडी इतकी आपटली की एका तांब्याला पोचा आला. खरं सांगून टाका म्हणाले तर म्हणाले, "मग ती म्हनंल, देवीनं फसवलं. न्हाईतर म्हनंल, माझ्याच नवसात खोट हुती. दोन्ही मला ऐकवनार न्हाई." ट्रंक भरून कोनाड्याखाली ठेवली होती. सासूबाई तिच्या आजूबाजूचा केर रोज काढत होत्या आणि काही विचारत नव्हत्या.

आणि मध्येच हा पुठ्ठा, हे हसणं.

गुरुजी आधी रागावले. मग ह्यांनी त्यांना सांगितलं की हे मैंद नव्हेत, बर्फावर घसरायच्या फळ्या आहेत. तिकडं डोंगरातल्या गावांत पोरंबाळं, बायाबापड्या, एक म्हातारा पाद्रीसुद्धा या पायाला बांधून उतारावरून भिरभिरत जातात, कुणी कामाला, कुणी नुसतं खेळायला. आपण विश्रांतीला मागे आलो असताना तिथल्या पोरांनी आपल्याला शिकवलं. पायाची बोटं गेली त्याच्या आधीची ही गोष्ट. ते अर्थात त्यांनी गुरुजींना सांगितलं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला. पुठ्ठा काढून उलटा केला आणि ह्यांना पलटणीतल्या हुद्द्याने हाक मारत म्हणाले, "नाईक, संक्रांतीला अख्खा मुलूख देवीला येतो. या वर्षी आपण संग्रहालयात कुटुंबमेळा भरवू. हिमाच्या देशातले खेळ आणि तिथल्या चालीरीती. सांगायचं तुम्ही."

मला वाटलं हे नाही म्हणतील. ते म्हणाले, "दावायचं बी मीच."

पुढचे पंधरा दिवस घरात वेगळंच वारं शिरलं. हे सुताराकडे जाऊन फळ्यांना मेण चोळून आले. संग्रहालयाच्या मागच्या उतारावरचं वाळलेलं गवत पाय ठरू देत नाही. पोरं तिथे केळीच्या सोपटावर बसून घसरायचीच. ह्यांनी तो उतार दगड वेचून साफ केला. मला सांगितलं, तिकडच्या लोकांचं रोजचं जेवण म्हणजे मक्याचा घाटा. मोठ्या कढईत शिजवून लाकडी पाटावर ओततात आणि दोऱ्याने कापून खातात. एका म्हातारीच्या घरात पलटणीच्या चार माणसांना आसरा मिळाला होता, तिने तो खाऊ घातला होता. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे आपल्या जुंधळ्याच्या कन्याच की. ती म्हातारी आपल्यातलीच दिसती." आणि दुसऱ्याच दिवशी जात्यावर मका भरडायला बसल्या. "तिच्या हातचं माझ्या पोरानं खाल्लं, आता तिच्या नावानं मी चार लोकांस्नी घालते."

मी मात्र दिवस मोजत होते. मेळ्यात मन रमलं तर माणूस राहील, असं एकदा वाटायचं. खेळाच्या नादात बूट निघाला तर, असंही वाटायचं. त्यांच्या डाव्या बुटाच्या पुढच्या भागात मी स्वतःच्या हाताने चिंध्या ठासून भरल्या होत्या, बूट पायावर बसावा म्हणून.

संक्रांतीला देवीला सुगडांचं वाण ओवसून लोक खाली उतरले ते थेट संग्रहालयात. बायका सुगडांच्या टोपल्या घेऊनच आल्या. गुरुजींनी दारात तिळगूळ ठेवला होता. आत इटलीचं म्हणून जे जे सापडलं ते मांडलं होतं : बर्फाच्या डोंगराची दोन चित्रं, गाईच्या गळ्यातली घाटी, लाकडी तळाचे जोडे. जोड्यांपुढे 'खडावा' असा पुठ्ठा होता. त्याबाबत कुणी वाद घातला नाही. घाटी मात्र दर माणूस वाजवून बघत होता आणि आमच्या बैलाची हिच्यापेक्षा बरी, असं म्हणून पुढे जात होता. आवारात हुतुतू आणि लंगडी चालू होती, कारण थंडीतले खेळ म्हटल्यावर गुरुजींनी आपलेही घेतले होते. सासूबाईंनी तीन दगडांवर कढई चढवली होती आणि घाटा ओतून सुताच्या दोऱ्याने कापून देत होत्या. त्यावर गुळाचा खडा त्यांनी आपल्या मनाने ठेवला होता. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "तिकडं गूळ न्हाई घालत, आये." त्या म्हणाल्या, "तिकडं गूळ न्हाई म्हनून न्हाई घालत."

मग हे उतारावर चढले. खाली दोनशे माणूस मान वर करून उभं. वाद्या आवळल्या, गुडघे वाकवले, आणि निघाले. वाळलेल्या गवतावरून सर्र असा आवाज आला. अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकलं आणि धुरळा उडवत ते खाली येऊन अलगद वळून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. आमचा सुतार ओरडला, "अरं, मैंदावर हुबा ऱ्हाऊन बैलाबिगर चाललाय की!" मी त्यांचा चेहरा बघितला. लग्नात बघितला होता तसा होता. मला रडू आलं आणि रागही आला, की हा माणूस दोन दिवसांनी पुण्याला कुणाच्या तरी गोदामाच्या दाराशी उभा राहणार.

लोक म्हणाले, आणखी एकदा. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी पाहिलं नाही किंवा पाहूनही चढले.

दुसऱ्या वेळी निम्म्यावर डाव्या पायाची वादी तुटली. फळी एकीकडे, माणूस एकीकडे. ते कोलांटत खाली आले आणि बूट फळीच्या लोखंडी पट्टीत अडकून वरच राहिला. पडलेल्या बुटातून चिंध्यांचा बोळा बाहेर आला. काही लोक हसले. काही पुढे धावले. हे उठायला बघत होते आणि डावा पाय उजव्याखाली लपवायला बघत होते. मोजा निम्मा निघाला होता.

मी जागची हललेच नाही. माझ्या शेजारून सासूबाई गेल्या. हातात पळी तशीच, कुसळांच्या गवतातून, अनवाणी. त्या वयात बाई अशी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांच्या आधी त्या पोचल्या, खाली बसल्या आणि आपला पदर त्या पायावर टाकला. पाठीमागे वळून लोकांना दरडावलं, "काय तमाशा हाय व्हय? मुरगाळलाय पाय. व्हा मागं!"

लोक मागे झाले. मी तोवर बूट उचलून पोचले होते. पदराखाली हात घालून त्यांनी मोजा वर ओढला, चिंध्या परत बुटात भरल्या, बूट चढवला, नाडी बांधली. हे सगळं होईपर्यंत त्यांनी एकदाही त्या पायाकडे बघितलं नाही. मुलाच्या तोंडाकडेच बघत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला ठाऊक नसतं, तो आधी बघतो.

परतीच्या गाडीत आम्ही तिघंच होतो. हे बैल हाकत होते, आम्ही मागे. मेळ्याचा गलबला मागे पडल्यावर हे पाठमोरेच म्हणाले, "कवापासनं ठावं हाय?"

"दारं धराय लागलास तवापासनं," सासूबाई म्हणाल्या. "बांधावरचं माग खोऱ्यानं पुसत हुतास. पाटाच्या तोंडचा एक ऱ्हायला. हरवलेला बैल आमी मागावरनं हुडकून काढतो, आन पोटच्या पोराचा पाय वळखायचा न्हाई?" मग माझ्याकडे वळल्या. "कायतरी हाय, हे तर आदीच कळलं हुतं. कागद दोन्ही अंगानं भरलेला, आन हिनं वाचलं एवढंसं."

मी खाली मान घातली. ते पत्र आल्यापासून जे ओझं मी त्यांच्यापासून लपवून वाहत होते, त्याचं दुसरं टोक समोरच्या बाईच्या खांद्यावर होतं.

"मग व्हाना का सोडल्यास?" ह्यांचा आवाज फाटला. "देवीनं मला आखंड कुटं दिलं तुला? फुकाट रगत काढतीयास टाचंतनं!"

"आखंड? आखंड कोन म्हनलं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "गावानं जोडलं आसंल. म्या म्हनले हुते, आई, पोरगं परत येऊ दे. बास. आलास. नवस फिटला. इचार हिला. ही हुती की माझ्यासंगं पायरीवर."

ह्यांनी कासरे ओढले. गाडी थांबली. ते मागे वळून माझ्याकडे बघू लागले आणि सासूबाईही बघत होत्या.

माझ्या कानात ते शब्द जसेच्या तसे होते. आखंड. नखाला धक्का न लागता. आजही आहेत.

"व्हय," मी म्हणाले. "एवढंच म्हनल्या हुत्या. परत येऊ दे."

गाडी चालू झाली. थोड्या वेळाने सासूबाईंनी विचारलं, "त्या मक्यावाल्या म्हातारीनं बघितला हुता का पाय?"

"तिनंच मांडीवर घिऊन चोळला रातभर."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "कुनीतरी हुतं म्हना की." आणि पहिल्यांदाच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

करीच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि कपडे दांडीवर टाकले. हे उजाडल्यावर, लोकांच्या देखत, अनवाणी रानात गेले. चार दिवस गावाने पायाकडे बघितलं, पाचव्या दिवशी विसरलं. गुरुजींनी नवा पुठ्ठा लिहिला, पण सुताराचा मैंद चांगला चालत होता, तो कुणी बदलला नाही.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, अनवाणीच. तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री आणि वहाणा दान द्यायची आमच्यात रीत आहे. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, हिच्या नावाने वहाणा देऊ नका, नवस मोडेल. हे उठले आणि आतून एक जोड घेऊन आले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हाच त्यांनी दोऱ्याने मापं घेऊन तो शिवून घेतला होता. तळाला मऊ चामडं, टाचेला दुहेरी.

"नवस मरेपातूरचा हुता," ते म्हणाले. "फिटला. आता घालू दे तिला."

मी चपापले. ते 'मरेपातूर' मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सासूबाईंनीच कधीतरी त्यांना पुरा नवस सांगितला असणार, 'आखंड'सकट.